केळं बंद, खांब चालू

चहूबाजूंनी केळीच्या बागा असलेल्या माणसाला "आजपासून केळं बंद" असं सांगणं म्हणजे हलवायाला साखरेकडे बघू नको म्हणणं. रावेरकडच्या आमच्या गावात हे व्रत मी पाळलं, आणि पाळतोय म्हणून पारावर रोज सांगितलंही. ऐकणारे कंटाळले, मी नाही.

माझ्या दोन्ही किडन्या थकल्यात. जळगावच्या डॉक्टरबाई माझ्या धाकट्या लेकीच्या वयाच्या. त्या मला बहुतेक वेळा फोनवरच तपासतात. रक्त रावेरला द्यायचं, बीपी घरी मोजायचं आणि ठरलेल्या सकाळी व्हिडिओसमोर बसायचं. पहिल्या वेळी मी इस्त्रीचा सदरा घातला, भांग पाडला आणि फोन वाजताच सवयीनं कानाला लावला. बराच वेळ हो-हो करत राहिलो. शेवटी बाई म्हणाल्या, "काका, कान उत्तम आहे तुमचा. आता तोंड दाखवता का?" मग त्यांनी पायावरची सूज बघायला मागितली, तर मी मोज्यांसकट पाय वर केला.

हे सगळं हसण्यावारी गेलं. पोटॅशियमचं मात्र जाईना. केळं बंद करूनही रिपोर्टमध्ये ते चढतच चाललं. बाईंनी गोळ्या बदलल्या, पाण्यात कालवून घ्यायची पावडर दिली, बटाटा उकडून पाणी फेकायला लावलं. तरी वरच. एका सकाळी नवा रिपोर्ट समोर धरून त्या म्हणाल्या, "काका, हे असंच राहिलं तर हृदयाला धोका आहे. दाखल व्हा. डायलिसिसचंही बघावं लागेल. एकदा सुरू झालं की दर आठवड्याला जळगाव."

बायको शेजारी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. बाग, म्हैस, पार सोडून जन्मभर यंत्राला बांधून घ्यायचं?

"पुन्हा आठवून सांगा," बाई म्हणाल्या. "केळं खाता?"

"शपथ घेऊन सांगतो. सालसुद्धा नाही."

"नारळपाणी? काढे? झाडपाला?"

"छे!" मी छाती काढून म्हणालो. बोलता बोलता समोरचा ग्लास उचलला. पण आमच्याकडे समोर माणूस असताना एकट्यानं काही तोंडाला लावायचं नसतं. आईनं लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलेलं. मी ग्लास फोनपुढे धरला आणि म्हणालो, "घ्या, डॉक्टर."

बाई हसल्या, मग एकदम थांबल्या. "काका, पाणी असं गढूळ का?"

"पाणी नाही, खांबाचा रस आहे."

"कसला खांब?"

"केळीचा. घड कापला की खांब उभाच राहतो ना, त्याचा गाभा ठेचून पिळायचा. किडनीला एक नंबर!"

फोनवरचं चित्र हलेना. मला वाटलं रेंज गेली. रेंज नव्हती गेली, बाईंनी कपाळाला हात लावला होता.

हे औषध माझ्या चुलतभावाचं. गाव त्याला आबा म्हणतं. त्याचा मुतखडा म्हणे याच रसानं पडला. "मले गुण आला, तुले काहून येनार नाही?" असं म्हणून रोज सकाळी तो ताजा गाभा दारात आणून टाकायचा. बायको म्हणाली होती, "डॉक्टरीनबाईले इचारा तरी." पण मी स्वतःच न्यायाधीश होऊन निकाल दिला होता : बंदी फळावर आहे, झाडावर नाही.

"काका," बाई शांतपणे म्हणाल्या, "केळ्यातलं पोटॅशियम आभाळातून पडतं का? त्याच खांबातून वर जातं. तुमची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. तो ग्लास ओता. आत्ता, मला दिसेल असा."

बायकोनं माझ्या हातातून ग्लास ओढून अंगणात रिकामा केला. "झाडपाला नाही म्हने! रोज सकाळी मी काय गंगाजल पिळू राह्यली व्हती?"

त्याच दिवशी रावेरला जाऊन हृदयाचा आलेख काढला, तो ठीक निघाला. बाईंनी दाखल व्हायचं पुढच्या रिपोर्टवर ठेवलं. तोवर मी पारावर गेलोच नाही. रिपोर्ट आला, पोटॅशियम उतरलं होतं. आणखी एक केला, आणखी उतरलं. "डायलिसिस सध्या नाही," बाई म्हणाल्या. "पुढे कधी लागेल ते बघू. आता असेच घरी राहा."

आबा दोन दिवस रुसला. गाभा मात्र अजून आणतो. तो गाभा आता म्हशीला जातो, आणि ती धष्टपुष्ट आहे, हे आबा मला येता-जाता ऐकवतो.

हल्ली फोन लागला की बाई आधी बायकोला हाक मारतात. ती फोन हातात घेऊन त्यांना चूल, ताट, फडताळ असं सगळं घर फिरवून दाखवते. माझा नंबर शेवटी येतो. परवा मी पुन्हा ग्लास उचलला आणि सवयीनं म्हणालो, "घ्या, डॉक्टर."

"आधी उजेडात धरा," बाई म्हणाल्या.

धरला. पाण्यातून पलीकडची म्हैस स्वच्छ दिसत होती.

"हं. आता प्या."