पालकसभा दुपारी तीन वाजता

"कांबळे मॅडम, पालक सहभागाची फाइल कुठे आहे?" सावंत सरांनी विचारलं.

फाइल माझ्या हातातच होती. तिच्यात एकच कागद होता, तोही आम्हीच पालकांना पाठवलेल्या सभेच्या सूचनेचा.

मी तेव्हा खारदांड्याच्या एका मराठी शाळेत पर्यवेक्षिका होते. सावंत सर मुख्याध्यापक. आमच्या शाळेचं अ‍ॅक्रेडिटेशन सात आठवड्यांवर आलं होतं. म्हणजे काय, तर बाहेरची समिती येते, दोन दिवस शाळा बघते आणि ग्रेड देते. त्याआधी शाळेने स्वतःच स्वतःला मार्क द्यायचे असतात. याला सेल्फ रिपोर्ट म्हणतात. प्रत्येक मुद्द्याला चारपैकी मार्क, आणि प्रत्येक मार्कामागे एव्हिडन्स. रजिस्टर, फोटो, सभेचे मिनिट्स, काहीतरी दाखवावं लागतं.

ट्रस्टने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. बी ग्रेड आली तर ठीक. सी आली तर पुढच्या वर्षीपासून पाचवीचे प्रवेश बंद. प्रवेश बंद झाले की शाळा कशी संपते, हे मी वाकोल्यात आमच्या घराशेजारी पाहिलं होतं. आधी पाचवी जाते, मग सहावी, मग बोर्ड उतरतो.

बाकी सगळं जमण्यासारखं होतं. रंगकाम झालं होतं, प्रयोगशाळा बरी होती, निकाल चांगले होते. पण पालकसभेला माणूस यायचा नाही. वर्षभरातल्या चार सभांना मिळून रजिस्टरात अकरा सह्या. त्यातल्या तीन आमच्याच शिपाईबाईंच्या, कारण त्यांची तीन मुलं शाळेत होती.

"मॅडम, आता काय करुचा?" सर म्हणाले. घाबरले की त्यांची मालवणी बाहेर यायची. मग हळूच म्हणाले, "जुन्या तारखा टाकून रजिस्टर भरूया का? सह्या मुलांबरोबर घरी पाठवून मागवू."

सावंत सर वाईट माणूस नव्हते. शाळा वाचावी म्हणूनच बोलत होते. आणि खोटं कशाला सांगू, मी नाही म्हटलं नाही. दोन वेगवेगळ्या शाईची पेनं टेबलावर काढून बसले होते.

तेवढ्यात मोहिनीताई आत आल्या. त्यांची मुलगी आठवीत. मुलीच्या बोनाफाइड सर्टिफिकेटसाठी आल्या होत्या. मासळीबाजारातून थेट आलेल्या, पदर खोचलेला. मी वैतागलेली होते, त्यांच्यावरच घसरले.

"मोहिनीताई, सर्टिफिकेटला येता, मग मीटिंगला का येत नाही?"

"मीटिंग कवा असते तुमची?"

"शनिवारी सकाळी दहा वाजता."

"दहाला मी बाजारान असतंय, टीचर. गिऱ्हाईकाला काय सांगू, थांब, पापलेट नंतर घे?"

शाळेत निम्म्याहून जास्त मुलं कोळीवाड्यातली. त्यांच्या आया सकाळी बाजारात. उरलेल्यांचे आईवडील कामावर. ही गोष्ट अख्ख्या स्टाफला माहीत होती. तरी सभा दहालाच, कारण ती आधीपासून दहालाच होती.

"मग कधी जमेल?"

"तीनला ठेवा. जेवण होतं, भांडी होतात. आन् ते चिठ्ठीबिठ्ठी नका पाठवू. बोलून पाठवा फोनवर."

त्या गेल्या आणि मी पेनं ड्रॉवरमध्ये टाकली. सरांना म्हटलं, "सर, रजिस्टर राहू दे. आधी एक सभा घेऊन बघू. जे होईल ते लिहू."

वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी व्हॉइस मेसेज टाकला. पहिला फारच सरकारी वाटला म्हणून डिलीट केला. दुसऱ्यांदा सरळ बोलले, "मी कांबळे टीचर. शनिवारी तीनला या. आम्ही कमी बोलू, तुम्ही बोला." मोहिनीताईंनी तो कुठे कुठे फॉरवर्ड केला देव जाणे. मला माझाच आवाज माझ्या नणंदेकडून परत आला.

शनिवारी हॉलमध्ये चाळीस खुर्च्या मांडल्या. सर म्हणाले, "वीस मांडा, रिकाम्या दिसतील." सव्वातीनला खुर्च्या भरल्या. साडेतीनला दहावीच्या वर्गातून बाक आणावे लागले. काही आया तान्ह्या पोरांना घेऊन आल्या होत्या. हॉलमध्ये इतका गोंगाट की माइक सुरू आहे की बंद, तेच कळेना. मला इतका आनंद झाला की स्वागताचं भाषण विसरले. ते बरंच झालं.

पहिला प्रश्न एका सातवीच्या मुलीच्या आईने विचारला. "मुलींच्या बाथरूमला कडी का नाही?"

मी म्हटलं, "आहे ना."

"नाय. दोन महिने नाय. माझी पोरगी शाळेत पाणीच पित नाय त्यापायी."

मी रोज त्या मजल्यावरून फिरत होते. स्टाफचं बाथरूम वेगळं, म्हणून मला पत्ताच नव्हता. पर्यवेक्षिका म्हणून पगार घ्यायची लाज वाटली. मी वहीत लिहिलं, कडी नाही, माझी चूक.

मागून एक वडील उठले. इंगळे नाव. साकीनाक्याला फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करायचे. "टीचर, कडी लावायला मीटिंग कशाला पाहिजे? उद्या सुट्टी आहे माझी, ड्रिल घेऊन येतो."

दुसऱ्या दिवशी आले आणि चारही दारांना कड्या लावून गेले.

सभेत आणखी बरंच निघालं. एक आई म्हणाली, "गणिताचे सर लय चांगले, पण त्यांचं बोलणं मागच्या बाकापर्यंत येत नाय." गणिताचे गावडे सर तिथेच उभे होते. ते काहीतरी म्हणाले. कोणालाच ऐकू आलं नाही. सगळा हॉल हसला, गावडे सरसुद्धा. सोमवारपासून ते वर्गात फिरत शिकवायला लागले.

समिती येईपर्यंत आम्ही तीन सभा घेतल्या. मी प्रत्येक तक्रार लिहिली. पुढे काय केलं ते लिहिलं. जे झालं नाही त्यापुढे 'बाकी' लिहिलं. सावंत सरांनी फाइल चाळली आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, ही तर तक्रारींची फाइल झाली! समितीपुढे ठेवली तर वाट लागेल."

"सर, सह्या मोजा."

त्यांनी मोजल्या. मग पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. सेल्फ रिपोर्टमध्ये त्यांना चारपैकी चार हवे होते. मी दोन लिहिले. वर्षभर झोपलो आणि दोन महिने जागे झालो, याचे चार कसे मागणार?

समितीत तिघं होते. अध्यक्ष एक वयस्कर बाई, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी प्रयोगशाळा दहा मिनिटांत आटपली आणि माझी फाइल अर्धा तास वाचली. मग म्हणाल्या, "पालकांना भेटायचंय."

सहा पालक बसले. अध्यक्षबाईंनी विचारलं, "शाळेत काय चांगलं नाही, एक गोष्ट सांगा."

मोहिनीताई लगेच म्हणाल्या, "लायब्ररी. कपाटाला कुलूप हाय, चावी कुणाकडे हाय ते कुणालाच ठावं नाय."

सावंत सरांनी डोळे मिटले.

"मग तुम्ही काय करणार?" बाईंनी विचारलं.

"पुढच्या मीटिंगला इचारणार. शनिवारी हाय, तीन वाजता. तुमी पण या."

अध्यक्षबाई चष्मा काढून हसल्या. त्या हसल्या म्हणून बाकीचे दोघं हसले, आणि मग सरांनी एक डोळा उघडला.

जाताना समिती तोंडी सांगते, कुठे काय दिसलं. पालक सहभागावर त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन लिहिलेत. आम्ही तीन देतोय. शाळेला मार्क वाढवून द्यायची सवय नाही मला, बहुतेक वेळा कापावेच लागतात."

महिन्याभराने निकाल आला. बी प्लस. पाचवीचे प्रवेश सुरू राहिले. त्या दिवशी कोळीवाड्यातून स्टाफरूममध्ये तळलेल्या बोंबलांचे दोन मोठे डबे आले. सावंत सर टेबलाशी उभे राहूनच खात होते आणि बोलताना फक्त मालवणी बोलत होते. कपाटाची चावी काही सापडली नाही. पुढच्या सभेत सर्वांच्या संमतीने इंगळेंनी कुलूप तोडलं. तेही मिनिट्समध्ये आहे.

आता मी रिटायर झालेय. ओळखीच्या शाळा कधीकधी फोन करतात. मॅडम, पालकांच्या सहभागाचा एव्हिडन्स कसा आणायचा? मी सांगते, पालकांना वेळ कधी असतो ते आधी त्यांनाच विचारा. अ‍ॅक्रेडिटेशनच्या जाडजूड मॅन्युअलमध्ये हे कुठेही लिहिलेलं नाही. इतकी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांना माहीत असेल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं असावं.