आप्पांची रॅमची जोडी

आप्पांकडे एकच रॅम मागितली, की ते गिऱ्हाइकाकडे असे बघायचे जणू त्याने एकाच पायातली चप्पल मागितली आहे. "एक मिळणार न्हाई. जोडी न्या, न्हाईतर पलीकडं जावा." शिवाजी पेठेत कॉम्प्युटर जोडून देणारे ते काही एकटे नव्हते, पण आवाज त्यांचाच सगळ्यात मोठा. पेठेने त्यांना 'जोडीचे आप्पा' करून टाकले.

यामागचे शास्त्र खरे होते. एक जीबीची एकच पट्टी घालण्यापेक्षा निम्म्या-निम्म्या दोन सारख्या पट्ट्या घातल्या, की मशीन दोन्हींकडून एकदम माहिती उचलते. हे ते बैलगाडीच्या भाषेत सांगत आणि सांगताना काउंटरवर मूठ आपटत. प्राध्यापकसुद्धा मुकाट्याने जोडी घेऊन जात.

मदरबोर्डबरोबर येणारे पुस्तक मात्र त्यांनी कधी उघडले नाही. पुस्तक वाचून कुणी पोहायला शिकलंय का, असे विचारत. दोन्ही पट्ट्या ते अगदी शेजारशेजारच्या स्लॉटमध्ये, म्हणजे खाचांत, बसवत. मी एकदा म्हटले, मध्ये जागा सोडायची असते का? तर म्हणाले, "वैनी, नवरा-नवरी शेजारीच बसत्यात की." झाले, विषय संपला.

माझे फ्लेक्सचे दुकान होते, मशीन आप्पांनीच जोडलेले. एकेका वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस-चाळीस शुभेच्छुक, बहुतेक गॉगल लावलेले. पडद्यावरचे चित्रही त्याच रॅममधून चालायचे, त्यामुळे चेहरे वाढले की मशीन धापा टाकायचे. एकदा लोडशेडिंगनंतर ते चालू करताना काळ्या पडद्यावर एक ओळ वाचली: सिंगल चॅनल, म्हणजे दोन पट्ट्या असून वाट एकच चालू. रोजच येत असणार, पण वाचतो कोण! पुस्तक काढले. जोडी एका रंगाच्या स्लॉटमध्ये, म्हणजे मधला एक सोडून लावायची होती. लावली, आणि चाळीस गॉगल सरसर हलायला लागले.

म्हणजे आयुष्यभर जोडीचा डंका पिटणाऱ्या आप्पांनी असल्या बोर्डांवर सगळ्यांना एकाच बैलाची गाडी दिली होती! मला आधी हसू आले, मग वाटले, हे त्यांना सांगायचे कसे? त्यांचे नावच त्या जोडीवर उभे होते. दोन दिवस मी सांगू की नको करत काढले आणि तिसऱ्या दिवशी आप्पांच्या दुकानात कोणी नसताना सांगून टाकले. त्यांनी स्वतःचे मशीन उघडले, पट्ट्या हलवल्या, चालू केले. मग पडद्यावरची ओळ बोट ठेवून वाचली.

मला वाटले, आता कंपनीला शिव्या घालतील. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर खडूने लिहिलेली पाटी होती: 'माझ्याकडून रॅम चुकीची बसली हाय. मशीन घेऊन या.' कोणी फिरकले नाही. मग आप्पाच पिशवीत पेचकस टाकून घरोघरी निघाले. आणि आमच्या पेठेला काय म्हणावे! लोक त्यांनाच सुनावत, आप्पांनी स्वतः बसवलंय, ब्येस चाललंय, हात लावू नका. बिल आणि पत्रे टाइप करणाऱ्यांना फरक कळणार तरी कुठे? धूळ तेवढी झाडा म्हणत. आप्पा धूळ झाडून परत येत. मी म्हटले, झाडता झाडता हलवायची ना पट्टी.

"न इचारता दुसऱ्याच्या मशिनीत बदल करायचा न्हाई," ते म्हणाले. मग हळूच, "लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं बघा."

आप्पा गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. मध्यंतरी आमच्या गल्लीतल्या एका वकिलांच्या सूनबाईंनी सासऱ्यांचे जुने मशीन भंगारात द्यायचे म्हणून त्यातले फोटो काढून घ्यायला माझ्याकडे आणले. उघडले, तर दोन्ही पट्ट्या तशाच शेजारी. झाकणाच्या आतल्या बाजूला एक पिवळी पडलेली चिठ्ठी चिकटवलेली, अक्षर आप्पांचे: 'जो कोण खोलंल त्यानं एक पट्टी काढून मधला स्लॉट सोडून लावावी. मालकाला बोलू नये. चूक माझी हाय.'

मशीन भंगारातच जायचे होते. तरी मी पट्टी काढून लावली.