कोलंबोला नेलेली पाच पातळं आणि एक लुगडं

गडचिरोलीहून कोलंबोला जायचं म्हणजे आधी बैलगाडी, मग डोंगा (लाकूड कोरून केलेली नाव), मग मोटार, मग आगगाडी, पुन्हा आगगाडी, बोट आणि बोटीपलीकडे आणखी एक आगगाडी. इतक्या ठिकाणी जी पेटी चढवायची आणि उतरवायची ती आपल्याला एका हाताने उचलता आली पाहिजे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी हमालाच्या मागे धावायची तयारी ठेवावी. मी धावत नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी मी पत्र्याची लहान पेटी घेतली आणि ठरवलं की हिच्यात मावेल तेवढंच न्यायचं.

मी कन्याशाळेत मास्तरीण. तिशी आलेली आणि बिनलग्नाची, त्यामुळे माझ्या पेटीत काय जातं याची काळजी गावाला जरा जास्तच. शेजारच्या भागाबाईंनी सांगितलं, जरीचं एक तरी ने, परदेशात आपली लाज जाऊ नये. शाळेतल्या मोठ्या बाई म्हणाल्या, पांढरंच ने, मास्तरणीला शोभतं. मी दोघींचं ऐकून घेतलं आणि पाच सुती पातळं काढली, सगळी गडद रंगाची, कारण गाडीतला कोळसा पांढऱ्यावर पहिल्या तासातच नाव लिहून जातो. पाच पोलकी, कोपरापर्यंत बाह्यांची. एका परकराला आतून खिसा शिवून घेतला, त्यात परवान्याचे कागद. एक छत्री, एक पंचा, वहाणांचा एकच जोड. नाताळची सुटी दहा दिवसांची. जायला-यायला सहा, राहायला चार. चार दिवसांसाठी याहून जास्त कपडे लागतात असं म्हणणाऱ्याला धुणं धुता येत नसावं.

आता का चालले होते ते सांगते. माझा दादा सहा वर्षांपासून कोलंबोत एका व्यापारी पेढीवर कारकून होता. तीन वर्षांपूर्वी त्याने तिथल्याच एका सिंहली मुलीशी लग्न केलं. तिचं नाव सोमा. लग्नाची बातमी पत्राने आली, लग्न झाल्यावर. तेव्हापासून आईने त्याचा विषय टाकला. त्याचं पत्र आलं की बाबा मोठ्याने वाचत आणि आई चुलीपाशी बसून ऐकत असे, पण विचारत काही नसे. या वर्षी त्याने माझ्या तिकिटाचे पैसे पाठवले आणि पत्राच्या शेवटी लिहिलं, "मायनं सोमासाठी काई देल्लं त घेऊन ये. चिंधी असली तरी चालन." बाबांनी हे वाक्य वाचलं तेव्हा आई उठून गोठ्यात गेली.

पेटी भरताना ती आली. हातात माझा जुना लोकरी स्वेटर होता. गडचिरोलीत तेव्हा थंडी चांगलीच पडली होती, सकाळी अंगणातल्या पाण्यात हात घालवत नसे. मी सांगितलं की तिकडे बाराही महिने उकाडा आहे. तिने स्वेटर तरीही पातळांवर ठेवला. मग मी सरळच विचारलं, वहिनीसाठी काय देतेस?

"तिले पाहायले मी गेली होती का?" आई म्हणाली. "मले विचारून आणली का त्यानं? तू चालली भावाकडं, जा. माह्या नावानं काई नेऊ नको."

स्वेटर तेवढा माझ्या पेटीत राहिला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी गाडी जुंपली आणि मला वैनगंगेच्या घाटावर सोडलं. पाणी उतरलं होतं, पण अजून डोंग्याशिवाय पार होण्यासारखं नव्हतं. डोंग्यात दोन धानाची पोती, एक शेळी आणि मी. शेळीला माझ्या पातळाचा पदर आवडला आणि मी वळेपर्यंत तिने वीतभर चघळून ठेवला. ढिवराने (नाव चालवणाऱ्याने) शेळीला चापट मारली आणि मला समजावलं की बाई, सुती हाय म्हून खाल्लं, रेशमी असतं त नसतं खाल्लं. रेशमाबद्दल शेळीचं मत त्याला कसं कळलं ते मी विचारलं नाही.

पलीकडून सावली गावापर्यंत खाचरंच खाचरं, धान कापून नेलेली, मधूनमधून मोहाची झाडं. सावलीला मोटार दोन तास उशिरा येणार असं कळलं. मी पेटी थांब्यावरच्या दुकानात ठेवली आणि गावात फिरले. एका कोष्ट्याच्या (विणकराच्या) घरी ओट्यावर कोशाची लुगडी वाळत होती. आमच्या जंगलातल्या कोशाचं रेशीम ते, मधाच्या रंगाचं, हाताला किंचित खरखरीत. त्यातलं एक तांबड्या काठाचं माझ्या डोळ्यांतून जाईना. दादाच्या पत्रातली ती चिंधी सकाळपासून डोक्यात होतीच. कोष्ट्याची बायको चतुर होती. तिने विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, वहिनीसाठी. मायनं सांगतलं का? तिने विचारलं. आणि मी, जी वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलींना बाकावर उभं करते, ती सहज म्हणाले, हो, मायनंच सांगतलं.

लुगडं पेटीत मावेना. मी स्वेटर काढून त्या कोष्टिणीला दिला. आईचा शब्द मोडायचाच होता, ते स्वेटरपासून सुरू झालं इतकंच.

पुढे मूल गावापासून चांद्यापर्यंत दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पानं पिवळी पडू लागलेली. धुरळा इतका की मोटारीतल्या सगळ्या माणसांचा रंग एकच झाला. बल्लारशाला मद्रासची गाडी मिळाली. डब्यात एक तेलुगू बाई होती, सिरोंचाकडे माहेर असल्याने मराठी समजणारी. तिने मला एक गोष्ट शिकवली जी मी आता सगळ्यांना सांगते. पातळाला खळ घालून नेऊ नये. मद्रासपासून पुढे हवेतच पाणी असतं, खळ चिकट होते आणि कापड अंगाला धरून बसतं. मी पाचही पातळांना कडक खळ दिली होती. मद्रासच्या स्टेशनावर गाडी बदलायच्या आधी बायकांच्या नळावर बसून तीन पातळं खळबळली आणि ओली पंच्यात गुंडाळून घेतली. ती धनुष्कोडी येईपर्यंत खिडकीला बांधून वाळवली. येणारे-जाणारे पाहत होते. पाहू देत.

धनुष्कोडीला समुद्र मी पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे एवढं पाणी म्हणजे पूर. बोटीवर वारा असा की नेसलेलं पातळ धरू की पेटी धरू हे कळेना. तिथे एका म्हाताऱ्या मराठी बाई दिसल्या, नऊवारी, कासोटा घट्ट, दोन्ही हात मोकळे, निवांत शेंगदाणे खात होत्या. मी आमच्या आयांच्या लुगड्याला जुनाट म्हणत आले होते, ते बोटीवर मागे घेतलं. ज्याला वाऱ्यात प्रवास करायचा आहे त्याने एक तरी नऊवारी बरोबर ठेवावं.

पलीकडे तपासणी झाली. अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली, कोशाचं लुगडं बोटाने वर केलं आणि विकायला आणलंय का म्हणून विचारलं. मी म्हटलं, आईने सुनेला पाठवलंय. त्याने लगेच ते जपून खाली ठेवलं आणि पेटी मिटली. आई या शब्दाला तिथेही मान होता. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा शरम वाटली.

कोलंबोच्या स्टेशनावर दादा आला होता. थोडा जाड झालेला, बाकी तोच. सहा वर्षांत मी कोणाशी मले-तुले बोललो नाई, असं म्हणून त्याने स्टेशन ते घर तोंड मिटलं नाही. सोमावहिनी शाळेत शिकवते हे मला माहीत होतं, पण ती माझ्यासारखीच धांदलीची, भराभर बोलणारी निघेल असं वाटलं नव्हतं. आम्हा दोघींची भाषा एकच, मोडकं इंग्रजी. तिने इंडिआप्पा (तांदळाच्या शेवया) आणि पोल संबोल (खोबऱ्याची लाल तिखट चटणी) वाढलं. आम्ही धानाच्या मुलखातली माणसं, तांदळाच्या बाबतीत आम्हाला कोणी काही शिकवावं हे आम्हाला खपत नाही. पण त्या शेवया मी तीनदा घेतल्या.

जेवण झाल्यावर मी लुगडं काढलं आणि वहिनीच्या हातात दिलं. आईने पाठवलंय, म्हटलं.  तिने ते डोळ्यांना लावलं, आपल्याकडे प्रसाद लावतात तसं, आणि दादाकडे पाहिलं. दादाने ते तिच्याकडून घेतलं, उलगडलं, एक कोपरा पाहिला, दुसरा पाहिला, मग उरलेले दोन. काय पाहतोस, असं तिने विचारलं. वीण पाहून राह्यलो, असं तो मला मराठीत म्हणाला, आणि तिला तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं. ती हसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने मला समुद्राकाठच्या हिरवळीवर नेलं. लोक सहकुटुंब फिरत होते, साधे कपडे, पायात चपला, कोणी कोणाकडे वळून पाहत नव्हतं. मी गडद पातळात होते आणि मला बरं वाटत होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "चारी कोपरे पायले मी. हळद नाई."

आमच्या घरी नवं कापड कोणाच्याही अंगावर जायच्या आधी आई त्याच्या कोपऱ्याला हळदकुंकवाचं बोट लावते. मुंडासं असो, पोरीचा परकर असो, बैलाची झूल असो. ते डाग धुतल्यावरही जात नाहीत आणि मी लहानपणापासून त्यावरून भांडत आले. हे काम आईचं, मी कधी केलेलं नाही, म्हणून सावलीला मला ते आठवलंच नाही. दादाला सहा वर्षं परदेशात राहून आठवलं.

मी त्याला खरं सांगितलं. 

"मायनं तुह्यापाशी काईच नाई म्हटलं?"

"स्वेटर ने म्हणाली."

तो हसला, आणि हसताहसता त्याचे डोळे भरले. मला इतकं वाईट वाटलं की त्यापेक्षा रिकाम्या हाताने आले असते तर बरं झालं असतं. मग तो म्हणाला, सोमाले सांगू नको, ती उद्या नेसतो म्हणते. दुसऱ्या दिवशी मी तिला ते आमच्या पद्धतीने नेसवलं. कासोट्यापाशी आम्ही दोघी हसून बेजार झालो. ती ते नेसून देवळात गेली, बुद्धाला फुलं वाहिली आणि आईसाठी काही मागितलं, असं तिने परत आल्यावर सांगितलं. काय मागितलं ते मी विचारलं नाही. माझ्याने ऐकवलं नसतं.

परतीच्या प्रवासात सांगण्यासारखं थोडं. बिनखळीची पातळं सुखाची ठरली. पाचातलं एक तर पेटीतून निघालंच नाही, तेव्हा चार पुरेत. बल्लारशाला उतरल्यावर थंडीने दात वाजले आणि स्वेटरची आठवण झाली. नदीवर बाबा गाडी घेऊन आले होते. दादा बरा हाय का, एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तर ऐकून बैलांना उगाच हाक घातली.

घरी आई भात वेळत होती. मी पेटी उघडायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मनात ठेवलं असतं तर माझ्याच अंगाला काट्यासारखं टोचत राहिलं असतं. सावलीचं लुगडं, कोष्टिणीशी बोललेलं खोटं, तपासणीवाल्याशी बोललेलं, वहिनीशी बोललेलं. तुझ्या नावाने दिलं, म्हटलं. दादाला कळलं, तिला कळलं नाही. तिने ते डोळ्यांना लावलं.

आईने भातातलं पाणी पूर्ण निथळेपर्यंत भांडं हातात धरलं. मग ते खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळली. मी मार खायच्या वयाची नव्हते, तरी एक पाऊल मागे सरले.

"माह्या नावानं देल्लं त हळद काऊन नाई लावली?" ती म्हणाली. "ते लोक का म्हनतीन? याच्या मायले लुगडं द्यायची रीत नाई?"

 ती पदराने हात पुसत राहिली. नंतर बऱ्याच वेळाने, मी पातळं धुवायला काढत होते तेव्हा, तिने पाठमोरीच विचारलं, "पन्हा पुरला का तिले?"

मी खरं ते सांगितलं. वहिनी आपल्यापेक्षा वीतभर उंच आहे. लुगड्याची रुंदी कमी पडली, ते पोटरीपर्यंतच आलं, घोटे उघडेच राहिले, आणि ती तशीच देवळात गेली.

आई उठून दारापर्यंत गेली. बाबा गोठ्यात होते. तिने तिथूनच त्यांना सांगितलं की सावलीच्या कोष्ट्याले निरोप धाडा, मोठ्या पन्ह्याचं विनायले घे म्हना, सून उंच हाय.