तपकिरी पाणी

आमच्या घरात हिरवी किंवा तपकिरी वस्तू शोधून सापडली नसती. पडदे निळे, चादरी पांढऱ्या, यांचे मोजे झाडून सगळे काळे. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटायचं, बाईला निळ्याचं वेड आहे. मी वाटू द्यायची. खरं कारण फक्त मला आणि यांना ठाऊक होतं. आमच्या ह्यांना हिरवा आणि तपकिरी हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत. दोन्ही सारखेच मळकट.

हे घड्याळजी. जिन्याखालच्या तीन हात रुंद दुकानात अडतीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसले. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यानं उचलून जागेवर ठेवायचे. शिंक येतेय असं वाटलं तर आधी उघड्या घड्याळावर काचेचं झाकण ठेवायचे आणि मगच शिंकायचे. तिथं रंगावाचून यांचं काहीच अडलं नाही. रस्त्यावरच्या सिग्नलला वरचा दिवा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं, एवढं पाठ होतं. टोमॅटो मात्र एकेक दाबून बघायचे आणि भाजीवालीच्या शिव्या खायचे.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात मी यांना तपकिरी लोकर आणायला पाठवलं आणि हे हिरवी घेऊन आले. मी हसले. हे हसले नाहीत. त्या संध्याकाळी मला सगळं सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी यांना जहाजावर अधिकारी व्हायचं होतं. लेखी परीक्षेत पहिले आले होते. मग डॉक्टरांनी ठिपक्या-ठिपक्यांची एक चोपडी समोर धरली आणि त्यात लपलेले आकडे वाचायला सांगितले. आधीच्या मुलानं धडाधड वाचले. यांना नुसते ठिपके दिसले. घरी येऊन यांनी सांगितलं, "मला समुद्र आवडत नाही." तेच सगळ्यांनी खरं धरलं. "कुणाला सांगू नकोस," हे मला म्हणाले. मी शब्द दिला आणि चाळीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं.

यांचे शाळेपासूनचे दोन मित्र. एक भूगोलाचे मास्तर. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी शिडाची होडी घेतली, दोन वर्षं खरवडून, रंगवून उभी केली आणि तेव्हापासून सगळे त्यांना कप्तान म्हणायला लागले. दुसरे दातांचे डॉक्टर. कप्तानांनी टूम काढली, की तीन आठवडे उष्ण समुद्रातली बेटं हिंडायची आणि खलाशी म्हणून आपणच जायचं, भाड्याचा माणूस एकही नको. हे लहान पोरासारखे हरखले. मी पाण्याला घाबरते. पण यांना एकटं पाठवायला त्याहून घाबरत होते, म्हणून मीही निघाले.

मित्रांच्या होडीत हुकूम कोण कुणाला सोडणार? कप्तानांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, की सुकाणू त्यांच्याकडे राहील आणि बाकीची कामं रोज सकाळी चिठ्ठ्या टाकून ठरतील, म्हणजे कुणी रुसायला नको. एक चिठ्ठी दोरांची, एक स्वयंपाकाची आणि एक होडीच्या पुढच्या टोकाची.

हे पुढचं टोक कशासाठी, ते कप्तानांनी फळा नसल्यामुळे हवेत बोट फिरवून शिकवलं. या बेटांभोवती पोवळ्यांच्या खडकांचा गराडा असतो आणि आत जायला मध्येच एखादी अरुंद वाट असते. सूर्य डोक्यावर आणि पाठीशी असतानाच आत शिरायचं. पुढच्या टोकावर एकानं उभं राहून पाण्याचा रंग बघायचा आणि हातानं दिशा दाखवायची. निळं म्हणजे खोल. हिरवं म्हणजे उथळ, पण होडी जाईल. तपकिरी म्हणजे पाण्याच्या जरा खाली खडक. "तपकिरीवर गेलो की तळ कापला जाणार आणि आपण चौघं पाण्यात," असं म्हणून ते हसले. मी यांच्याकडे पाहिलं. हे दोराची गाठ सोडवण्यात गुंग झाल्याचं नाटक करत होते.

"वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे, चिठ्ठ्या तुम्हीच करा," दातवाले भावजी म्हणाले, तेव्हा मला देवच पावल्यासारखं झालं. पुढच्या टोकाच्या चिठ्ठीचा कोपरा मी नखानं दुमडायची. यांना तो बोटाला कळायचा. घड्याळजीचीच बोटं ती. हे ती चिठ्ठी सोडून दुसरी उचलायचे. याबद्दल आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही.

दहाव्या दिवशी किटलीच्या वाफेनं माझा हात भाजला. मी मलम लावत खाली बसले होते, तेवढ्यात भावजींनी स्वतःच चिठ्ठ्या केल्या. मी वर आले तेव्हा यांच्या हातात उघडलेली चिठ्ठी होती.

"पुढचं टोक," यांनी वाचलं.

"अहो, यांचा गुडघा दुखतोय कालपासून," मी म्हटलं. "यांना स्वयंपाकघर द्या. पुढे मी उभी राहते."

"आज अदलाबदल नाही, वहिनी," कप्तान म्हणाले. "आजची वाट फार अरुंद आहे, वळणाची आहे. तुम्हाला पाण्याची भीती, तुम्ही मध्येच डोळे मिटाल. काय रे घड्याळ्या, जमेल ना?"

"जमेल की," हे म्हणाले. अगदी सहज म्हणाले. मला इतका राग आला, की हातातली मलमाची डबी पाण्यात भिरकावून द्यावीशी वाटली. ते एक वाक्य तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. लोकर आणली होती त्या संध्याकाळचाच चेहरा. मी गप्प बसले. यात चूक माझी आहे, ती मी कुणावर ढकलत नाही.

साडेअकरा वाजता आम्ही आत शिरलो. शिडं उतरवली होती, इंजिन हळू चालू होतं. भरतीचं पाणी बेटाकडे ओढ घेत होतं, त्यामुळे एकदा शिरल्यावर मागे वळणं शक्य नव्हतं. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या. सुरुवातीला मधला पट्टा निळाशार होता आणि निळा यांना चांगला दिसतो. यांचा हात ठामपणे डावीकडे झाला, मग सरळ. मला वाटलं, निभावतंय.

मग निळं संपलं. पुढे सगळं हिरवं होतं आणि त्यात तपकिरी डाग. यांचा हात वर गेला आणि तसाच राहिला. मग डावीकडे. मग उजवीकडे.

"नक्की कुठे?" कप्तान ओरडले.

यांनी हात उजवीकडे केला. उजवीकडे, पन्नास पावलांवर, जेवणाच्या टेबलाएवढा तपकिरी डाग मला केबिनच्या दारातून लख्ख दिसत होता.

मी धावले. ज्या डेकवर मी दहा दिवस रांगत फिरले होते, त्यावरून धावले. यांच्या कमरेला मिठी मारली आणि कानाशी म्हटलं, "डावीकडे. अहो, डावीकडे." यांनी हात डावीकडे फिरवला. होडी वळली. तो खडक उजव्या बाजूनं इतक्या जवळून गेला, की त्याच्या फटींतून पळणारे मासे मोजता आले असते.

"सरळ," मी कानात म्हटलं. "आता थोडं उजवीकडे." यांचा हात माझ्या शब्दांबरोबर हलत होता. आणखी कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. वाटलं, असंच पार होऊ आणि झाकली मूठ झाकलीच राहील.

पण इंजिनाच्या आवाजात माझं एक "डावीकडे" यांना ऐकू गेलं नाही. हात सरळच राहिला. समोर तपकिरी. मी किंचाळले, त्याच क्षणी हे मागे वळले आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "माझ्याकडे बघू नकोस! हिच्या हाताकडे बघ! मला हिरवं न् तपकिरी वेगळं दिसत नाही!"

कप्तानांनी काही विचारलं नाही. मी हात डावीकडे केला, त्यांनी सुकाणू दाबलं. तळाखाली काहीतरी खरवडलं, पातेलं घासल्यासारखा आवाज आला आणि थांबला. मी डोळे मिटले नाहीत. पुढची दहा मिनिटं मी हात दाखवत होते आणि हे खाली बसून माझा पाय घट्ट धरून होते.

आत पाणी शांत होतं. नांगर टाकला. दातवाल्या भावजींचीच दातखीळ बसली होती. कप्तान सुकाणूपाशी उभे होते, इंजिन बंद झालं तरी हात सुटत नव्हते.

मी कप्तानांना म्हटलं, "भावजी, रागवायचं तर माझ्यावर रागवा. मला चाळीस वर्षं माहीत आहे. मी रोज यांना पुढे जाण्यापासून वाचवत आले, आज तेवढी चुकले."

"रोज?" कप्तानांच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनी, तिसऱ्या दिवशी तुम्हाला मळमळत होतं, गोळी घेऊन तुम्ही खाली झोपला होता. त्या पहिल्या बेटात शिरताना पुढे हाच उभा होता. पुढचं टोक यानंच या डॉक्टरकडून मागून घेतलं होतं." त्यांनी भावजींकडे बोट दाखवलं. भावजींनी मान डोलावली.

मी यांच्याकडे पाहिलं. हे वर बघेनात.

"एकदा उभं राहायचं होतं गं," हे म्हणाले. "फक्त एकदा."

"आणि खडक? ते कसे ओळखलेत?"

"नाही ओळखले. अंदाजानं हात दाखवत गेलो."

मला तो दिवस आठवला. मी दुपारी उठून वर आले, तेव्हा हे किती खुशीत होते. स्वतः चहा करून दिला होता. मी विचारलं होतं, आज स्वारी एवढी खूश का? हे म्हणाले होते, हवा छान आहे. आणि मी झोपले होते तेव्हा माझी उशी न् ते खडक यांच्यामध्ये लाकडाची एक फळी होती, बोटभर जाडीची.

यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. जवळ घ्यावंसं वाटत होतं. पण मी आधी खाली गेले आणि उशीजवळच्या त्या फळीवर हात ठेवून बसले.