दुधनाकाठ कंपनीचं पहिलं पान

शिवकन्या गडदे सेलूच्या ‘दुधनाकाठ शेळी-मेंढीपालक कंपनी’त कामाला लागली, तेव्हा ती तिथं नेमकं काय करते हे तिच्या घरच्यांना सांगता येत नसे. बाप मल्हारी मेंढरं घेऊन वर्षातले आठ महिने रानोमाळ. वाटेत कुणी विचारलं तर तो म्हणायचा, “पोरगी कंप्युटरवर हाय,” आणि विषय तिथंच संपायचा.

कंपनीचे चौदाशे सभासद, सगळे शेळ्या-मेंढ्यांवाले. त्यांना लस द्यायची, बोकडांचे भाव कळवायचे, जनावर आजारी पडलं तर डॉक्टर पाठवायचा, हे कंपनीचं काम. शिवकन्या वेबसाइटवर भाव टाकायची आणि दिवसभर फोन घ्यायची. कुणी काही विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, “वेबसाइटवर सगळं आहे, बघा की.” दोन वर्षं ती हेच सांगत आली होती.

वेबसाइट पुण्याच्या एका माणसानं बनवून दिलेली. उघडली की आपोआप सरकणारे मोठमोठे फोटो, त्यातला पहिला अध्यक्ष आबासाहेबांचा. त्याखाली स्वागताचे दोन परिच्छेद, मग ‘ध्येय व दृष्टिकोन’, मग ‘आमचे उपक्रम’. शिवकन्येला त्यातला कोपरा न् कोपरा पाठ होता, म्हणून तिला कधी अडचणच आली नाही.

एका सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं पिंगळीची विजयमाला ऑफिसात आली. पन्नाशीची, एकटी राहणारी बाई. नऊ शेळ्यांवर तिचं घर चालायचं. आदल्या दिवशी तिची एक गाभण शेळी पोट फुगून गेली होती. कंपनीचा जुना डॉक्टर महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेलेला, त्याचा नंबर बंद. नव्या नंबरासाठी वेबसाइट पाहा, असा मेसेज सगळ्यांना गेला होता. रविवार असल्यानं ऑफिसचा फोनही कुणी उचलला नाही.

आता ही बाई भांडणार, असं शिवकन्येला वाटलं. पण विजयमालानं पिशवीतून फोन काढला आणि तिच्यापुढं धरला.

“पोरी, मी कुटं चुकले तेवढं दाखव. दीड घंटा शोधायले, नंबर काय सापडंना. माझ्याच हातानं गेली बघ शेळी.”

“मावशी, इथंच तर आहे,” म्हणत शिवकन्येनं हात पुढं केला आणि ती थांबली. “तुम्ही काल कसं शोधलं, तसंच आता शोधा बरं. मी मधे बोलत नाही.”

विजयमालानं पान उघडलं. फोटोवर बोट ठेवलं, तर फोटो सरकला. पुन्हा ठेवलं, पुन्हा सरकला. स्वागताचा मजकूर तिनं एकेक शब्द जोडत अखेरपर्यंत वाचला, कारण नंबर त्यातच कुठंतरी असेल असं तिला वाटलं. मग ती ‘उपक्रम’पाशी आली आणि ते ओलांडून खाली गेली. डॉक्टरांचा नंबर त्याच शब्दामागं, आणखी दोन पानं आत होता.

“उपक्रम म्हंजे काय गं?” तिनं विचारलं.

“मावशी, तुम्ही नाही चुकल्या,” शिवकन्या म्हणाली. “आम्ही चुकलो.” पण विजयमालाला ते पटल्याचं दिसलं नाही. नंबर कागदावर लिहून घेऊन ती दुपारच्या गाडीनं परत गेली.

त्या आठवड्यात शिवकन्येनं पुठ्ठ्याचे तुकडे फोनच्या पडद्याएवढे कापले, त्यांवर स्केचपेननं पहिलं पान काढलं आणि ती बकऱ्यांच्या बाजारात जाऊन बसली. येईल त्याला विचारायची, “शेळी आजारी पडली, तर बोट कुठं ठेवाल?” लोक आधी हसले, मग गोळा झाले. ‘लसीकरण वेळापत्रक’ बहुतेकांनी सोडूनच दिलं. ‘लस कधी?’ लिहिल्यावर लगेच बोट ठेवलं. ‘बाजारपेठ माहिती’ म्हणजे कंपनीला काहीतरी विकायचंय, असा लोकांचा समज. तिथं ‘आजचा भाव’ आलं. संध्याकाळपर्यंत पुठ्ठ्यावर चारच चौकोन उरले.

डॉक्टरांच्या चौकोनात तिनं कानाला लावायच्या नळीचं चित्र काढलं होतं. घरी गेल्यावर आई अंबाबाईला तिनं तेच विचारलं.

“मला अक्षर येत न्हाई, आन तू मला इचारायलीस?”

“म्हणूनच विचारायले, माय.”

अंबाबाईनं पुठ्ठा हातभर लांब धरून निरखला. “हे दावं कशाला काढलंस गं? शेळी बांधून ठिवायची का?”

शिवकन्या पोट धरून हसली आणि तिनं ती नळी तिथंच खोडून टाकली. नवे डॉक्टर बुद्धभूषण करडाला कडेवर घेऊन उभे आहेत, असा फोटो तिनं दुसऱ्या दिवशी काढून आणला. तो अंबाबाईला न सांगता समजला.

खरी धास्ती आबासाहेबांची होती. त्यांचा फोटो पहिल्या पानावरून काढायचा म्हणजे साहेब रागावणार, अशी तिनं मनाची तयारी केली होती. त्यांनी विजयमालाची हकिगत ऐकली आणि पुठ्ठ्यावरचे चारही चौकोन शांतपणे पाहिले.

“माझा फोटू काढ, मला त्याचं काय न्हाई,” ते म्हणाले. “पण दुसरा ठिव. दत्तरावचा.”

सरकणाऱ्या फोटोंतल्या दुसऱ्या फोटोत लिंबाखाली सात माणसं बसलेली होती, कंपनीची पहिली बैठक. मधला फेटेवाला म्हणजे दत्तराव. आबासाहेबांच्या जोडीनं तो मोटरसायकलवर गावोगाव हिंडला आणि कंपनीची नोंदणी व्हायच्या आधीच वारला. “त्याच्या घरी बी ह्याच्यासारका फोटू न्हाई,” आबासाहेब म्हणाले. “लोक पान उघडत्यात, त्याला बगत्यात, एवढंच हाय माझं.”

हे शिवकन्येला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “आबासाहेब, तो फोटो तीन सेकंदांत सरकून जातो. दत्तरावकाका नीट दिसतच नाहीत कुणाला.”

“चार दिवस थांब,” एवढंच ते बोलले.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः पिंगळीला विजयमालाच्या दारात जाऊन बसून आले. परत आले ते थेट शिवकन्येच्या टेबलापाशी. “शेळी तिची गेली, आन माफी ती मला मागायली,” ते म्हणाले. “कर तुझं पान. दत्तरावला आत एक जागा दे. पण सरकवू नको त्याला.”

नवं पान सुरू झालं, तेही धड नाहीच. डॉक्टरांच्या चौकोनावर बोट पडताच थेट फोन लागे. पहिल्या दोन दिवसांत बुद्धभूषणना एकतीस फोन आले, त्यातले बरेचसे खिशातल्या खिशात लागलेले. “ताई, काल एका कोंबड्यानं मला फोन केला असावा. नुसतं आरवणं ऐकू येत होतं,” ते वैतागून म्हणाले. मग मधे एक प्रश्न आला, ‘डॉक्टरांना फोन लावायचा का?’ खाली मोठ्या अक्षरांत ‘हो’ आणि ‘नको’. फुकटचे फोन थांबले.

महिन्याभरात ऑफिसचे फोन निम्म्यावर आले. पूर्ण थांबले नाहीत. काही म्हाताऱ्यांना भाव माणसाच्या तोंडूनच ऐकायचा असतो, त्यांना ती सांगते. वेबसाइट बघा, असं आता म्हणत नाही. कंपनीनं रविवारीही फोनवर माणूस बसवला. विजयमालाला आबासाहेबांनी स्वतःच्या कळपातली एक पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, दिली. ती घ्यायला तयार नव्हती. शेवटी, पहिलं करडू परत देणार, या बोलीवर तिनं दोरी हातात घेतली.

मागच्या महिन्यात पूर्णेच्या एका दूध संस्थेनं त्यांच्या वेबसाइटसाठी शिवकन्येला बोलावलं. संचालक मंडळ जमलं होतं, भिंतीवर पडदा लावला होता, चहा-बिस्किटं आली. सचिव उठून पानाची वैशिष्ट्यं सांगू लागले.

“साहेब, जरा थांबता का?” शिवकन्या म्हणाली. “बाहेर कॅन घेऊन एक ताई उभ्या आहेत. त्यांना आत बोलवा. आणि त्या बघत असताना आपण कुणीच बोलायचं नाही.”

संचालकांनी एकमेकांकडं पाहिलं. मग त्यातल्या एकानं उठून आपली खुर्ची त्या बाईसाठी पुढं सरकवली.