शालिनीने मागे घेतलेला निबंध

शालिनी गेल्याची बातमी कॉलेजच्या जुन्या ग्रुपवर आली, तेव्हा मी हुडकेश्वरच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन उपडा ठेवला आणि आधी मेथी संपवली. माझा स्वभावच तसा आहे, तिचा नव्हता.

आम्ही दोघी एकाच विभागात समाजशास्त्र शिकवायचो. कळमन्याच्या बाजारात मिरचीचे देठ तोडणाऱ्या बायांच्या खोकल्यावर आम्ही मिळून पहिला शोधनिबंध लिहिला. तो परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात आला आणि विभागात पेढे वाटले गेले. शालिनी मला ओढत कळमन्याला घेऊन गेली, बायांना सांगायला. त्यांच्यातल्या पुढारी दुर्गाबाई. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने तिथेच मोबाइलवर निबंध शोधला. वर चार ओळी, खाली कुलपाचं चित्र आणि पुढचं वाचायचं तर पैसे भरा. हक्क आम्हीच सही करून देऊन बसलो होतो. दुर्गाबाई पदराने नाक झाकत म्हणाल्या, "खोकला आमचा, अन् कुलूप बी आमालेच? काहून बाई?" मी हसले. शालिनीने मात्र वही काढून ते वाक्य उतरवून घेतलं.

त्याच बायांवरचा दुसरा निबंध तिने एकटीने लिहिला. त्याच नियतकालिकाने तो स्वीकारलाही, आणि त्याच सुमारास विभागात प्राध्यापकपदाची एकच जागा निघाली. शालिनीने निबंध मागे घेतला आणि दोन-तीन शिक्षक चालवत असलेल्या, कुणालाही फुकट वाचता येणाऱ्या एका छोट्या नियतकालिकाला दिला. सोबत सगळा मजकूर मराठीतही. ते विद्यापीठाच्या यादीत नव्हतं, म्हणजे मुलाखतीत त्याला शून्य गुण. मी कडाकडा भांडले. "पागल झाली काय वं? पुन्हा निघणार आहे का ही जागा?" ती डबा उघडत म्हणाली, "माहीत आहे वं मले. पण त्या वाचायसाठी थांबून राहिल्या ना..."

जागा मला मिळाली. सगळ्यात आधी अभिनंदन तिने केलं, तेही मनापासून. ते मला अजून पचलेलं नाही. ती आपल्या जुन्याच पदावरून निवृत्त झाली आणि बेसा भागात राहायला गेली. आम्ही भेटत राहिलो, पण तो विषय मी कधी काढला नाही. तिला त्याचं वाईट वाटतच नसेल, अशी मला भीती होती.

तिच्यावरचा हा लेख लिहिण्यासाठी आमचा पहिला निबंध उघडायला गेले. निवृत्तीबरोबर कॉलेजचा पासवर्डही गेला, त्यामुळे माझंच लिखाण मला वाचता येईना. तिचा निबंध मात्र लगेच उघडला. इतक्या वर्षांत मी तो वाचलाच नव्हता... शेवटी ऋणनिर्देश आहे. "आमचं नाव टाकजा" असं बायांनी बजावलं असणार, कारण दुर्गाबाईंपासून ओळीने त्यांचीच नावं आहेत. आणि सगळ्यांच्या खाली माझं. ती गेल्यापासूनच्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला रडू आलं. त्या निबंधासाठी मी तिला अडवण्यापलीकडे काहीच केलं नव्हतं.