सरळ दातांचं जनावर

मुलांच्या मासिकासाठी एक चित्र अडलं होतं, म्हणून मी अर्जुनीला निघालो. इजिप्तच्या वाळवंटात हाडं सापडलेलं ते पुरातन जनावर: पाठीवर पुरुषभर उंच काटे, लांबट जबडा. विलायती मासिकातून उतरवून घेतलेली जबड्याची आकृती तेवढी माझ्याजवळ होती. मी त्याला जंगलात शिकार फाडताना रंगवलं होतं, पण तोंड काही केल्या जमेना. अर्जुनीच्या तलावात मगरी आहेत, असं तिथे राहणाऱ्या मावसभाऊ वामनने कळवलं होतं. निदान जिवंत जबडा तरी पाहू, म्हटलं.

नागपूरहून गोंदियापर्यंत मोठी गाडी, पुढे छोटी. गोंदियाच्या फलाटावर पुरी-भाजी खाऊन घ्यावी. पुढे काही मिळेलच असं नाही. छोटी गाडी इतकी सावकाश जाते, की धान कापणाऱ्या बायकांचे चेहरे लक्षात राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडीने तलाव गाठला. जन्मभर तिथे जाळं टाकणाऱ्या सोमाजी ढिवराला वामनने आधीच सांगून ठेवलं होतं. सोमाजीने मला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, झुडपाआड बसवलं. तासाभराने पाण्यावर दोन डोळे आणि नाकपुड्या दिसल्या. बाकी मगर पाण्याखाली, निश्चल. मग मान एकदम बाजूला झटकली गेली, आणि जबड्यात आडवा मासा तडफडू लागला.

मी भराभर रेघा ओढल्या. सोमाजीने माझ्याजवळची जबड्याची आकृती मागून घेतली आणि बराच वेळ न्याहाळली. हे काय खाते, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, मोठी जनावरं फाडून खात असेल; मी त्याला जंगलात शिकार फाडतानाच रंगवलं आहे.

"हे दात फाडाचे नाईत, गुरुजी. फाडाच्या दाताले धार रायते. हे गोल अन् सरळ. निसटता मासा धराचे हायेत."

मी आकृतीतले दात पुन्हा पाहिले.

"मंग तुमी याले जंगलात काऊन उभं केलं?"

तीन आठवड्यांचं काम वाया जाणार म्हणून मला आधी रागच आला. पाठीवरचे काटे कशाला असतील, असं मी जरा खोचकपणेच विचारलं. ते ठाऊक नाही, असं तो सरळ म्हणाला. त्या उत्तराने माझा राग उतरला. दुपारी त्याच्या घरी भात आणि माशाचा रस्सा जेवलो, तेव्हा मनातलं चित्र पाण्यात शिरलंही होतं.

नागपूरला परतल्यावर जुना कागद बाजूला ठेवून नव्याने सुरुवात केली. कमरेइतक्या पाण्यात उभं जनावर, तोंडात मासा. तोंड पहिल्याच खेपेला जमलं. संपादकांनी विचारलं, कोणत्या पंडिताच्या आधारावर हे पाण्यात नेलंत? मी सोमाजीचं नाव, गाव आणि धंदा लिहून पाठवला. अंक आला तेव्हा ती तिन्ही चित्राखाली छापलेली होती. तो अंक मी वामनच्या पत्त्यावर, सोमाजीसाठी पाठवून दिला.